शेंगा मोजणारा पोरगा आणि शाळांच्या चकरा

आमचा लेक एका जागी बसत नाही, हे बालवाडीतल्या ताईंनी इतक्यांदा ऐकवलं की मलाही तेच खरं वाटायला लागलेलं. पण हाच पोरगा घरी आजीजवळ भुईमुगाच्या शेंगा फोडताना पाऊण तास हलत नाही, दहा-दहाचे ढीग लावून १३० दाणे बरोबर मोजतो आणि वर्कशीटवर १३ च्या पुढे गाडी अडते. म्हणजे डोकं चालतंय, हाताला काहीतरी लागतं एवढंच.

दिवाळीनंतर पहिलीसाठी शाळा बघायला लागलो. पहिली पुण्यातल्या सिंहगड रोडची, नाव नको. एसी रिसेप्शन, चकाचक बोर्ड, आणि आम्हाला बाहेर बसवून पोराचा इंटरव्ह्यू! घरी येऊन नवऱ्याने शोधलं तर शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १३, प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची अशी चाळणी लावायला सरळ बंदी आहे. तिथे मात्र आम्ही दोघंही गप्प बसलो होतो, सीट जाईल म्हणून.

अक्षरनंदन मनात होती, मराठी माध्यम, करून बघत शिकणं, पण धायरीहून सेनापती बापट रोड म्हणजे रोजचं ट्रॅफिक धरून सहा वर्षांच्या पोराला नको वाटलं.

मग मैत्रीण म्हणाली, ऑफिसात बसूच नको, वर्गाच्या भिंती बघ. बघितल्या. एका शाळेत चाळीसेक मोर, सगळे एकाच झेरॉक्सचे, रंगसुद्धा तेच! त्या वर्गात बाई एकट्याच. कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक आहे म्हणे.

शेवटची शाळा घराजवळची, सेमी इंग्लिश, इमारत साधीच. बाईंशी बोलत होतो तेवढ्यात आमच्या दिवट्याने मण्यांचा डबा सांडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई खाली बसल्या आणि म्हणाल्या, "शंभर होते रे, बघ बरं सगळे आहेत का." दोघांनी मिळून दहा-दहाचे ढीग केले. ९८ भरले.

सासूबाईंची कुरकुर चालू आहे, इंग्रजीचं काय, शेजारच्यांची पोरं बघ वगैरे. पण जन्मदाखला, आधार, फोटो देऊन ॲडमिशन घेऊन टाकली.

रात्री चड्डी धुवायला टाकताना खिशात दोन मणी निघाले.