नेत्रावळीच्या तळीवर नववी ‘ब’

सांगे तालुक्यातल्या नेत्रावळीला गोपीनाथाचं देऊळ आहे आणि देवळाला लागून पायऱ्यांची तळी. तिच्या तळातून सतत बुडबुडे वर येत असतात, म्हणून ती बुडबुड्यांची तळी. काठावर उभं राहून टाळ्या वाजवल्या की बुडबुडे वाढतात, हे गोव्यात लहानथोर सगळेच सांगतात. फोंड्याहून आमच्या नववीची सहल गेली होती ती खरं म्हणजे अभयारण्य बघायला. जंगलावरची टिपणं मी रात्री जागून काढली होती. ती बसमध्येच राहिली.

पोरं बसमधून उतरली ती थेट तळीवर. कुणीतरी तीन म्हटलं आणि अख्ख्या वर्गानं टाळ्यांचा कडकडाट केला. पाण्यातून भराभर बुडबुडे आले. “आयले! आयले!” एकच गिल्ला. त्यात एक मुलगी, जी वर्गात हजेरीला ‘प्रेझेंट’सुद्धा हळू म्हणते, माझ्याजवळ येऊन म्हणाली, “टीचर, ते आदींय येतालेच मगो.” म्हणजे टाळ्यांच्या आधीही बुडबुडे येतच होते.

मी तिला म्हटलं, हे सगळ्यांना सांग. तिनं सांगितलं आणि तळीवर भांडण पेटलं.

दरवर्षी जूनमध्ये विज्ञान म्हणजे काय हे मी फळ्यावर लिहून देते. निरीक्षण, प्रश्न, हायपोथिसिस, प्रयोग, निष्कर्ष. मुलं ते याच क्रमानं घोकतात आणि पेपरात याच क्रमानं उतरवतात. पुढे प्रयोगशाळेत लंबकाचा प्रयोग येतो. त्याचं उत्तर पुस्तकात आधीच छापलेलं असतं, त्यामुळे ज्याचं रीडिंग जुळत नाही तो शेजारच्या वहीतलं उतरवून मोकळा होतो. आपल्याकडच्या विज्ञानाच्या शिक्षणात मला सगळ्यात खटकणारी गोष्ट हीच: मुलांना उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न आपण कधी देतच नाही. तळीवर मात्र उत्तर कुणाच्याच वहीत नव्हतं. माझ्याही.

“मोजूया,” असं एक मुलगा म्हणाला. मोजायला बसल्यावर कळलं की हे वाटतं तेवढं सोपं नाही. अख्खी तळी मोजणार कशी? मग एका कोपऱ्यातला दोन पायऱ्यांमधला तुकडा ठरला. वेळ एक मिनिट, मोबाइलवर लावलेली. दोघांनी शेजारी बसून तोच तुकडा, तेच मिनिट मोजलं. एकाचे अडतीस, दुसऱ्याचे एकसष्ट. “फट मारता!” “तूं फट मारता!” दोघंही खरं बोलत होते. एकानं मोत्यांच्या सरीसारखी वर येणारी बारीक बुडबुड्यांची रांग एक धरली होती, दुसऱ्यानं त्यातला मणी न् मणी मोजला होता. एक बुडबुडा कशाला म्हणायचं, यावर बराच वेळ वाद झाला आणि शेवटी ठरलं: पृष्ठभागावर येऊन फुटेल तो एक. मी काही बोलले नाही. हायपोथिसिसच्या आधी एवढं रामायण होतं हे माझ्या फळ्यावर कुठे लिहिलेलं असतं?

मोजणाऱ्यांचे आकडे जवळ आल्यावर टाळ्या घ्यायच्या ठरल्या. इथे त्याच अबोल मुलीनं दुसरी खोच काढली. मोजणाऱ्याला टाळी ऐकू येणार. टाळीनंतर बुडबुडे वाढतात असं ज्याला मनातून वाटतं तो टाळीनंतर डोळे फाडून बघणार. कापसाचे बोळे कानात घालू, असं एकानं सुचवलं. पण टाळ्या वाजवणारे हात दिसतातच. उपाय शेवटच्या बाकावरच्या एकानं काढला, ज्याच्या मोबाइलवरून माझं त्याच्याशी वर्षभर वाजत होतं. फक्त पाण्याचा व्हिडिओ काढायचा, नाणं उडवून छाप आला तर टाळी, काटा आला तर गप्प, आणि व्हिडिओ आवाज बंद करून अशा मुलांकडून मोजून घ्यायचा ज्यांना कुठला कोणता हे माहीत नाही.

पॅरिसमध्ये 1784 साली ज्यासाठी राजानं आयोग नेमला होता, ती युक्ती या पोरानं भजी खाता खाता शोधली.

ती हकिकत मी नंतर वर्गात सांगितली. मेस्मर नावाचा डॉक्टर आपल्या अंगातल्या चुंबकशक्तीनं रोग बरे करतो, असा पॅरिसमध्ये गाजावाजा होता. सोळाव्या लुईनं चौकशी नेमली. त्यात रसायनशास्त्रज्ञ लव्हॉइझिए होता आणि अमेरिकेचा पॅरिसमधला प्रतिनिधी बेंजामिन फ्रँकलिन. फ्रँकलिनच्या बागेत मेस्मरच्या शिष्यानं, देलोननं, जर्दाळूचं एक झाड ‘भारलं’. बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्याला वेगवेगळ्या झाडांपाशी नेलं. चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला. भारलेलं झाड ते नव्हतंच, ते दूर होतं. मुलगा सोंग करत होता असं नाही. त्याचा विश्वासच त्याला पाडत होता.

इथे मी आमच्या माणसावर आले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी पुतळा आहे: एक माणूस हात पसरून उभा, समोर कोसळलेली बाई. अर्ध्या वर्गाची समजूत होती की तो तिला मारतोय. तो आबे फारिया, 1756 साली कांदोळीला जन्मलेला. पॅरिसमध्ये तो माणसांना झोपवून दाखवायचा आणि वर सांगायचा की ताकद माझ्यात नाही, जे घडतं ते झोपणाऱ्याच्या मनात घडतं. तो 1819 मध्ये पॅरिसलाच वारला. आपल्याच खेळातलं गूढ स्वतः काढून टाकणारा माणूस मला फार आवडतो; मुलांना तो कितपत आवडला कोण जाणे.

तर तळीवर. नाणी उडत होती, टाळ्या वाजत होत्या, थांबत होत्या. पायरीवर बसलेल्या एका आजोबांनी बराच वेळ हे बघून विचारलं, “कितें चल्लां गो बाये?” मी जरा बिचकतच सांगितलं. देवळाच्या आवारात आपण परीक्षा घेतोय असं त्यांना वाटू नये. ते म्हणाले, मोजा की, देवाला काय फरक पडतो. आणि मग मोजणाऱ्यांच्या मागे उभं राहून स्वतःच मोजू लागले.

परतल्यावर संगणकाच्या खोलीत शेजारच्या तुकडीला बसवून व्हिडिओ मोजून घेतले. मोजण्याआधी मी एक अट घातली: टाळीनं बुडबुडे वाढतात असं म्हणणाऱ्यांनी, किती वाढले म्हणजे वाढले म्हणायचं, ते आधी कागदावर लिहून द्यायचं. यावर सगळ्यात जास्त कुरकुर झाली. “दीडपट” असं शेवटी लिहिलं गेलं. दीडपट काही झाले नाहीत. पण टाळीशिवायच्याच दोन मिनिटांत कधी कधी त्याहून मोठा फरक पडत होता. चिखलात अडकलेला वायू घड्याळ लावून सुटत नाही, झुंडीनं सुटतो. टाळीनंतर झुंड आली की लक्षात राहते, टाळीनंतर काहीच आलं नाही ते कोण घरी जाऊन सांगणार?

“म्हणजे खोटंच ना, टीचर?” मी नाही म्हटलं. आम्ही एकच कोपरा, एकच दुपार बघितली होती. हवेतून पाण्यावर पडणाऱ्या आवाजाच्या ऊर्जेतला साधारण हजारावा भागच पाण्यात शिरतो, हे सांगितलं तेव्हा टाळीच्या बाजूचा म्होरक्या उसळून म्हणाला, पण टाळी वाजवताना लोक पायऱ्यांवर उड्याही मारतात, दगडातून हादरा जात असेल. मुद्दा बिनतोड होता. हरलेल्या बाजूनं काढलेली पळवाट म्हणून बाकीचे हसले. मी त्यांना गप्प केलं, कारण पळवाट तपासता येत असेल तर ती पळवाट राहत नाही. टाळीविना उड्या, उड्यांविना टाळी, दोन्ही आणि काहीच नाही, असे चार रकाने त्यानंच फळ्यावर आखले.

त्या संध्याकाळी एका वडिलांचा फोन आला. टीचर, तुम्ही मुलांना देवळात नेऊन देव नाही असं शिकवता का? मी म्हटलं, आमच्या तक्त्यात देवाचा रकानाच नाही, फक्त बुडबुड्यांचा आहे. थोडा वेळ ते बोलले नाहीत. मग पोरानं घरी सांगितलेला आकडा बरोबर आहे का, असं विचारून त्यांनी आपणही लहानपणी तिथे टाळ्या वाजवल्याचं सांगितलं.

वायू कुठला, हा प्रश्न मात्र राहिलाच. पाण्यानं भरलेली बाटली उपडी धरून बुडबुडे गोळा करता येतात; चुन्याच्या निवळीतून सोडले आणि निवळी दुधाळ झाली तर कार्बन डायऑक्साइड, काडीला पेटला तर मिथेन असेल. पण देवाच्या तळीत बाटली बुडवायची तर देवस्थानाची परवानगी हवी. तेव्हा सध्या नववी ‘ब’ अर्ज लिहिते आहे. पहिल्या मसुद्यात ‘आम्ही सत्य सिद्ध करणार आहोत’ असं होतं. त्यावर त्या अबोल मुलीनं काट मारून ‘आम्हाला बघायचे आहे’ असं केलं, आणि उड्यावाल्यानं खाली जोडलं की पावसाळ्यात पाणी वाढल्यावर पुन्हा एकदा यायची परवानगी आताच द्यावी, म्हणजे दोन अर्ज करावे लागणार नाहीत.