आमची वाटचाल : अकरावं पॅनल

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून मी सीएनसी राउटर (कॉम्प्युटरच्या हुकमानं लाकूड कोरणारं मशीन) बांधला, तोच आमच्या जाळीकामाच्या दुकानाचा पाया. फ्रेम 18 मिमी एमडीएफची, सरकायला ड्रॉवरचे चॅनेल, स्क्रूच्या जागी एम8 थ्रेडेड रॉड आणि मोटरी चालवायला आर्डुइनो युनो या छोट्या बोर्डावर जीआरबीएल हा प्रोग्राम. दिशा बदलली की नटातली ढील कटात उतरायची, वर्तुळ चारही बाजूंनी चपटं यायचं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बोटानं गॅन्ट्री (कटर धरणारी आडवी कमान) हलवली आणि "खेळणं आहे" म्हणाले. तो शब्द अजून लागतो.

नागपूरच्या लकडगंजात देवघरं बनवणारे एक काकाजी आहेत. त्याच मशीनवरचा सागवानी तुकडा हातात घेऊन त्यांनी जाळीच्या कडेवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "बाबू, माझ्या माणसाले एवढ्यासाठी अख्खा दिवस लागून राहिला. तू ढील काढ, काम मी देतो." त्यांच्या ॲडव्हान्समधून 1605 बॉल स्क्रू (नटात छर्रे असलेले, ढील जवळजवळ नसलेले) आणि नेमा 23 मापाच्या स्टेपर मोटरी आल्या. मोटरच्या फेऱ्याला 200 स्टेप्स, 16 चं मायक्रोस्टेपिंग (एका स्टेपचे 16 भाग), स्क्रूची लीड (एका फेऱ्यात सरकायचं अंतर) 5 मिमी, म्हणजे मिलिमीटरला 640 स्टेप्स. 100 मिमीची कमांड दिली आणि व्हर्नियरवर 100 च आले, त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग हिंगणा एमआयडीसीत भाड्याचा गाळा, 2.2 किलोवॅटची वॉटर-कूल्ड स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) आणि एका मंगल कार्यालयाची 40 पॅनलची ऑर्डर. मे महिना होता. दहा पॅनल झाले आणि मशीन मधेच अलार्म देऊन थांबायला लागलं. टोकाला गेल्यावर मशीन थांबवणाऱ्या लिमिट स्विचला कोणी हात लावत नव्हतं, तरी लिमिट लागत होती. आठ दिवस मी मोटरी, ड्रायव्हर, प्रोग्राम सगळं बदलून पाहिलं. दोष वायरिंगचा होता. स्पिंडलची केबल आणि स्विचच्या वायरी मी एकाच चॅनेलमधून नेल्या होत्या, व्हीएफडीचा (स्पिंडलचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हचा) नॉइज थेट इनपुटवर येत होता. शील्डेड केबल घातली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केली, स्विच एनसीवर (एरवी जोडलेले, दाबले की तुटणारे) घेतले, इनपुटला फिल्टर लावला. अलार्म बंद.

पण तोवर पलीकडच्या गाळेवाल्यानं पार्टीला गाठलं होतं. "पोरानं घरी बनवलेल्या मशीनवर कशाला जाता, आपलं इम्पोर्टेड आहे." उरलेले 29 पॅनल त्याच्याकडे गेले. त्याची जाळी मी नंतर पाहिली. कोपऱ्यांत बिटानं लाकूड जळल्याचे काळे डाग होते. काकाजींनी मात्र त्या महिन्यात तीन देवघरांचं काम आणून टाकलं आणि भाडं निघालं.

पुढं कामं येत गेली, आज तीन मशीन आहेत. तिन्हींच्या फ्रेम आम्हीच वेल्ड केल्या. नवीन मुलांना सांगतो, पहिला पैसा स्क्रूवर आणि केबलवर घाला, स्पिंडल नंतर घ्या. आणि अलार्म आला की होमिंग (मशीनला शून्याच्या जागी परत नेणं) केल्याशिवाय पुढं चालवू नका.

अकराव्या पॅनलला मी तेच केलं होतं. घाईत तिथूनच पुढं सुरू केलं आणि अर्धी जाळी 3 मिमी सरकली. ते पॅनल गाळ्यात दारासमोर लावलेलं आहे. आधीच्या दहांचे पैसे अजून यायचे आहेत.