थेइबे

आज २५ जुलै, स्पेनमधल्या गॅलिसिया या प्रदेशाचा राष्ट्रीय दिवस. तिथल्या राजधानीतल्या, म्हणजे सान्तियागोतल्या मोर्चांचे व्हिडिओ बघत होते. "गॅलिझा थेइबे!" (म्हणजे 'स्वतंत्र गॅलिसिया!') ऐकून अंगावर काटा आला. स्वातंत्र्याला त्यांच्याकडे 'लिबरदादे' आहेच, मग घोषणेत हा शब्द का? संध्याकाळ त्यातच गेली.

थेइबे म्हणजे मोकळं, दावं सोडून चरायला सोडलेल्या गुरासारखं. मूळ लॅटिन 'काएलेब्स', अर्थ चक्क अविवाहित! आधी लग्नाच्या बंधनात नसलेला माणूस, मग खुंट्याला न बांधलेलं जनावर आणि आता अख्खा देश. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या काळात त्यांच्या गॅलिशियन भाषेला शाळा-कचेऱ्यांत थारा नव्हता, अधिकृत दर्जा १९८१ मध्ये मिळाला. तिच्यातला हा गुराख्यांचा शब्द लोक भर रस्त्यात छाती फुगवून ओरडतात, फार भारी वाटलं मला. गॅलिशियन येणारं कुणी आहे का इथे? असे आणखी शब्द सांगा ना.