मोगऱ्याच्या उन्हासाठी अडीच महिने

मोगऱ्यावर सावली धरणाऱ्या झाडाच्या फांद्या उतरवायला म्हणून महापालिकेत २ डिसेंबरला अर्ज दिला आणि १२ फेब्रुवारीला परवानगी हातात पडली. या दोन तारखा आठवल्या की अजून डोकं तापतं. मोगऱ्याची छाटणी जानेवारीच्या अखेरीपर्यंत उरकायची असते, आणि माझा जानेवारी एका टेबलासमोर उभं राहण्यात गेला.

सोसायटीच्या मागच्या वाफ्यात बटमोगऱ्याची तीन आणि मदनबाणाचं एक, अशी चार झुडपं मी तीन वर्षांपूर्वी लावली. पानं भरपूर, पण फूल म्हणून नाही. शेणखत घातलं, निंबोळी पेंड घातली, कुणी सांगितलं म्हणून आंबट ताकसुद्धा ओतलं. माळीकाका दर वेळी वर बोट दाखवायचे. "ताई, याला ऊन द्या. बाकी काही नको." वर आमचा रेन ट्री. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं, आमच्या वाफ्यावर जेमतेम तासभर पडायचं. कांड्या नीट बघितल्या तर कळत होतं. दोन पानांच्या जोड्यांमधलं पेरं वीतभर लांबलेलं, शेंडे सगळे एकाच बाजूला उजेडाकडे वाकलेले.

झाड आपल्या कंपाउंडमध्ये असलं तरी शहरात त्याच्या फांद्या मनाने तोडता येत नाहीत. १९७५ सालचा झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा आहे, आणि परवानगी महापालिकेच्या उद्यान विभागातून घ्यावी लागते. सोसायटीचा ठराव, अध्यक्षांच्या सहीचं पत्र, मिळकत कराची पावती, फोटो हे सगळं दोन दिवसांत जमलं.

अडलं ते 'कारण' या रकान्यापाशी. झाड धोकादायक, झाड वाळलेलं, बांधकामाला अडथळा, इतर. मी 'इतर'वर खूण करून लिहिलं, "खालच्या फुलझाडांना ऊन मिळत नाही, दक्षिणेकडच्या तीन फांद्या कमी करणे." टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, 'धोकादायक' लिहा, लवकर होईल. 'इतर'चं काही खरं नसतं."

मी लिहिलं नाही. ते झाड ठणठणीत आहे. एकदा कागदावर धोकादायक म्हटलं की उद्या कुणी बुंध्यापासून तोडायची परवानगी मागितली तर माझाच अर्ज पुरावा म्हणून पुढे येईल. पार्किंगवर पानं पडतात म्हणून ते झाडच नको असलेले आमच्याकडे दोन-तीन जण आहेत. मला मोगरा हवा होता, पण त्या झाडाच्या जिवावर नको होता.

मग सुरू झाली स्थळपाहणीची वाट. "साहेब फील्डवर गेलेत." "साहेब मीटिंगला आहेत." "तुमचा अर्ज दुसऱ्या टेबलावर गेलाय." दुसऱ्या टेबलावर विचारलं तर, "आमच्याकडे आलाच नाही." माझ्याकडे पोच होती, पण तिच्यावर नुसता शिक्का, आवक क्रमांक नाही. ही माझी सगळ्यांत मोठी चूक. क्रमांक नसेल तर अर्ज शोधायलाही कुणी उठत नाही. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख लिहून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, मागे कितीही रांग असू दे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी तोच अर्ज पुन्हा दिला, या वेळी क्रमांकासकट.

जानेवारीत सहा फेऱ्या झाल्या. इकडे मोगरा ताणावर ठेवलेला. नोव्हेंबरपासून त्याचं पाणी तोडत आणायचं, पानं थोडी गळू द्यायची, मग छाटून, आळं करून, खत घालून एकदम भरपूर पाणी द्यायचं, की नवे फुटवे येतात आणि त्यांच्याच शेंड्याला कळी धरते. पण सावलीत छाटला असता तर फुटव्यांना पुन्हा नुसती पानंच आली असती. म्हणून सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धार लावून तयार आणि मी रोज वर बघत थांबलेली. समोरच्या बंगल्यात कुंद पांढराशुभ्र फुलला होता. माघी गणपतीला त्यांनी ओंजळभर फुलं आणून दिली, तेव्हा मला आनंद व्हायच्या ऐवजी रडूच आलं.

सुटका झाली ती भिंतीवरच्या एका फलकामुळे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला, त्यानुसार कार्यालयाला आपल्या सेवा, त्यांची मुदत आणि जबाबदार अधिकारी फलकावर लावावे लागतात. तो कपाटाच्या आड होता. आमच्या सेवेसमोरचे दिवस केव्हाच उलटून गेले होते. मी फलकाचा फोटो काढला, पदनिर्देशित, म्हणजे त्या सेवेला जबाबदार धरलेल्या अधिकाऱ्यांच्या दालनात गेले आणि एवढंच विचारलं, "मुदत संपली आहे, प्रथम अपील कुणाकडे करायचं?" आवाज चढवला नाही. ४ फेब्रुवारीला सकाळी पावणेदहाला फोन, "मॅडम, खाली या, पाहणीला आलोय."

पाहणीला आलेले गृहस्थ मात्र चांगले निघाले. आधी वर न बघता वाफ्यात वाकले, कांडी हातात धरली आणि म्हणाले, "पेरं बघा किती लांबलंय." तीन फांद्यांवर त्यांनी स्वतः खडूने खूण सांगितली, माळीकाकांनी शिडीवरून केली. दहा मिनिटांचं काम. त्यासाठी दोन महिने!

परवानगीपत्रात किती फांद्या आणि कुठल्या बाजूच्या, हे लिहिलेलं आहे ना, ते बघून घ्या. नुसतं 'छाटणी' असेल तर कामगार हात मोकळा सोडतात. १६ तारखेला रविवारी फांद्या उतरवल्या, दोर बांधून. आधी खालून खाच, मग वरून करवत, म्हणजे साल सोलत जात नाही. आणि बुंध्याशी फांदीचा जो फुगीर कडा असतो, त्याच्या बाहेरच काप घ्यायचा, तिथूनच जखम भरते. फोटोंचं सांगायचं राहिलं. सकाळी नऊ, बारा आणि तीनचे, वाफ्यावरची सावली दिसेल असे काढा. पाहणीत तेच कामी आले. आणि अर्ज दिवाळीच्या आधी द्या, माझ्यासारखा डिसेंबरात नको.

१७ फेब्रुवारीला मोगरा छाटला, अडीच आठवडे उशिरा. २७ मार्चला पहिल्या कळ्या दिसल्या, तांदळाएवढ्या, टोकाला हिरवट. ३० मार्चला पाडवा, तेव्हा त्या अजून मिटलेल्याच होत्या. गुढीला घालायला एक फूल नव्हतं, याची रुखरुख राहिली.

एप्रिलमध्ये मात्र झुडपं भरून आली. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या आदल्या संध्याकाळी मी फुगलेल्या कळ्या खुडून ओल्या फडक्यात बांधून ठेवल्या. सकाळी फडकं सोडलं तर सगळं स्वयंपाकघर दरवळलं. पन्ह्याबरोबर एकवीस जणींच्या हातावर दोन-दोन फुलं ठेवता आली. गजरे यंदा बाजारातूनच आणले.