तुम्ही विचारलंत म्हणून: चुलीतला कोळसा चालेल का?

पाण्यातले जड धातू बायोचारने, म्हणजे शेतातल्या काडीकचऱ्याच्या कोळशाने, काढण्याच्या प्रयोगांवर मी काम करतो हे कळले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग चुलीतलाच कोळसा पाण्यात टाकला तर?

शिशापुरते बोलायचे, तर प्रश्न अगदीच भाबडा नाही. पऱ्हाट्या किंवा भाताचे तूस हवा रोखून ४०० ते ६०० अंश सेल्सियसला भाजले, की उरलेल्या कोळशाचा पृष्ठभाग साधारण पाण्यात ऋणभारित असतो आणि शिशाचे धनभारित आयन त्याला चिकटतात. शिवाय राखेतल्या कार्बोनेट आणि फॉस्फेटशी संयोग होऊन शिसे साका होऊन खाली बसते. अडचण येते ती आर्सेनेट (पाण्यातल्या आर्सेनिकचे एक रूप) आणि प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा चढवण्याच्या, सांडपाण्यातला क्रोमेट (क्रोमियमचे एक रूप) यांच्यापाशी. हे दोन्ही ऑक्सिजनशी जोडलेले आणि ऋणभारित असल्यामुळे कोळसा त्यांना दूरच लोटतो. म्हणून तो फेरिक क्लोराइडच्या द्रावणात भिजवून, वर अल्क घालून, त्याच्या रंध्रांत या दोघांना धरून ठेवणारा लोहाच्या ऑक्साइडचा थर बसवावा लागतो.

क्रोमेटची चाचणी डोळ्यांना दिसते. आम्ल घातलेल्या नमुन्यात डायफेनिलकार्बाझाइडचे थेंब सोडले, की पाणी जांभळट होते. पऱ्हाटीच्या साध्या कोळशातून गाळलेले पाणी जवळजवळ तितकेच जांभळे झाले, लोह चढवलेल्यातून आलेले मात्र फिकट गुलाबी. अर्थात पहिल्या खेपेला मी तो कोळसा पुरेसा धुतला नव्हता आणि गाळलेले पाणी गंजासारखे पिवळे आले. क्रोमियम काढून लोखंड पाजतोस का, असे सहकाऱ्यांनी पुढे बरेच दिवस ऐकवले.

चुलीत ना हवा ताब्यात असते, ना आच. राख जास्त असल्याने पाण्याचा सामू चढतो, शिसे खाली बसते आणि चाचणीचा आकडा सुरेख येतो. पण त्याच कोळशावरून जरा आम्लधर्मी पाणी गेले, की बसलेले शिसे पुन्हा विरघळू लागते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १०५०० नुसार, शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे आणि एवढे शिसे ना दिसते, ना चवीला कळते. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या तपासणीवाचून घरी हा उद्योग करू नये, असेच मी सांगतो.

वापरलेला कोळसा शेतात टाकावा का, हेही हमखास विचारतात, कारण बायोचार जमिनीला चांगला असे त्यांनी ऐकलेले असते. पाण्यातून गेलेला धातू त्या कोळशातच बसलेला असतो, म्हणून तो घातक कचऱ्यात जातो. आमच्याकडच्या डब्यावर ‘शेतात नको’ अशी चिठ्ठीच लावलेली आहे.