केसपेपरवरचा ‘हिंसक’ हा शब्द

मनोविकार विभागात रात्रपाळीचा ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती, घेताना ‘सात नंबर हिंसक आहे, सांभाळा’ असे कुणी सांगितले की मी विचारते, ‘आज त्यांनी नेमके काय केले?’ बहुतेक वेळा उत्तर जुन्या केसपेपरवर लाल शाईने लिहिलेल्या त्या एका शब्दापलीकडे जात नाही.

नॉर्वेतील ब्रोसेट येथे तयार झालेली सहा मुद्द्यांची तपासणी सूची मला म्हणूनच मोलाची वाटते. गोंधळलेपणा, चिडचिड, आरडाओरडा व धसमुसळेपणा, तोंडी धमक्या, अंगावर धावून जाण्याचा आविर्भाव आणि वस्तूंची आदळआपट, यांपैकी जे दिसेल त्याला एक गुण; गुण तीन किंवा अधिक झाले तर पुढील 24 तासांत हिंसेचा धोका जास्त मानायचा. मात्र ओळखीच्या रुग्णाच्या बाबतीत नेहमीपेक्षा वाढलेल्या वागण्यालाच गुण द्यायचा असतो, आणि घाईत नेमके हेच राहून जाते.

सात नंबरच्या आजींचे आयुष्य मुंबईच्या मासळीबाजारात गेलेले. त्यांचा आवाज मुळातच खणखणीत, तरी नव्या सिस्टरने आरडाओरड्याचा गुण देऊन टाकला होता. खरा बदल मला दिसला तो पावसाने लोकल बंद पडल्या त्या संध्याकाळी. आजी जाळीच्या दाराशी उभ्या राहून पदराचे टोक पिळत होत्या, दर दोन मिनिटांनी ‘माझा लेक आला काय?’ विचारत होत्या आणि दाराशी हाताची घडी घालून उभ्या असलेल्या वॉर्डबॉय मामांवर खेकसत होत्या. चिडचिडीचा एक गुण झाला. मी मामांना बाजूला व्हायला सांगितले आणि लेकाला फोन लावून दिला. ‘आई, गाडीच नाय, उद्या येतो’ एवढे ऐकल्यावर त्या खाटेवर येऊन बसल्या.

त्याआधी मामांनी बांधण्याच्या पट्ट्या काढून ठेवल्या होत्या. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 नुसार तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताच मार्ग नसेल तेव्हाच, आणि उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांच्या मंजुरीने, रुग्णाला बांधता येते. माणसे कमी आहेत हे कारण कायद्याला चालत नाही. माणसे अपुरी असलेल्या रात्री हे पाळणे किती जड जाते, हे मी जाणते, तरीही कायदा इथे बरोबर आहे असेच माझे मत आहे.

सकाळी ओव्हर देताना मी नोंदवले: ‘लेक न आल्याने संध्याकाळी अस्वस्थ, फोननंतर शांत, रात्री झोप चांगली. आज लेक येणार आहे. उशीर झाल्यास आजींना आधी कळवावे.’