व्हेनिसमध्ये नातवंडांना घेऊन जेवायला बसण्यापूर्वी

इटलीत लहान मुलांना घेऊन बाहेर जेवणे अगदी सोपे, पिझ्झा आणि पास्ता कोणते मूल खात नाही, असे नाशिकहून निघण्याआधी आम्हांला अनेकांनी छातीठोकपणे सांगितले होते. हे सांगणारे बहुतेक जण पर्यटन कंपनीबरोबर फिरून आलेले होते. त्यांची जेवणाची वेळ ठरलेली, टेबल राखून ठेवलेले आणि बरोबर लहान मूल नाही. युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत जे 90 दिवस मिळतात, ते मुलाच्या किंवा मुलीच्या घरी राहून नातवंडे सांभाळत काढायला जे आजी-आजोबा जातात, त्यांच्यासाठी परिस्थिती वेगळी आहे, आणि हा वृत्तांत त्यांच्यासाठीच आहे.

आमचा मुलगा बोलोन्यात नोकरीला आहे. थोरली नात चार वर्षांची, धाकटा नातू दीड वर्षाचा. बोलोन्यातले दिवस सुखात गेले, त्यामुळे त्यांच्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. व्हेनिसविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे.

बोलोन्याहून जलद गाडीने दीड तासात व्हेनिस येते आणि तिथपर्यंत सगळे उत्तम असते. त्यानंतर पूल सुरू होतात. व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत, म्हणजे मूल बसलेली बाबागाडी प्रत्येक पुलावर दोघांनी उचलून चढवायची आणि पलीकडे उतरवायची. आमचा मुलगा आणि सूनबाई धडधाकट आहेत, तरी सान मार्को चौकापर्यंत पोचताना दोघेही घामाघूम झाली, मुले भुकेने रडू लागली आणि दुपारचे सव्वादोन वाजले. बाबागाडी व्हेनिसला नेऊच नये. बेबी कॅरिअर न्यावे, आणि चालण्याऐवजी वापोरेत्तोने, म्हणजे तिथल्या प्रवासी बोटीने जावे. 75 मिनिटांचे तिकीट साडेनऊ युरोंचे आहे, महाग आहे, पण सहा वर्षांखालील मुलांना ते लागत नाही.

सव्वादोनची वेळ मी मुद्दाम सांगते आहे. घरगुती पद्धतीचे जेवण देणाऱ्या इटालियन खाणावळींची स्वयंपाकघरे दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतात आणि संध्याकाळी सातसाडेसातपर्यंत उघडत नाहीत. त्या वेळी दिवसभर चालू असलेले रेस्टॉरंट शोधले की सापडते ते पर्यटकांसाठी थाटलेले. आम्हांला तसेच मिळाले. बाहेरच्या फलकावर पास्ता 14 युरो असे लिहिले होते. आम्ही चार पास्ते मागवले आणि त्यांतच मुलांना भरवले. फलकाप्रमाणे 56 युरो व्हायला हवे होते. बिल 103 युरोंचे आले. त्यात कोपेर्तो, म्हणजे टेबलाशी बसण्याचा आकार, माणशी चार युरो असा सहा जणांचा लावलेला होता. माझ्या मांडीवर बसून माझ्याच ताटातले खाणारा दीड वर्षाचा नातूही त्यात मोजला होता. न सांगता आणून ठेवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्यांचे बारा युरो होते. या सगळ्यावर पुन्हा बारा टक्के सेवाशुल्क होते. मुलाने विचारल्यावर वाढप्याने मेनूकार्डाच्या शेवटच्या पानावरच्या बारीक ओळीवर बोट ठेवले. नाशिकला मिसळ खायला बसले की पाणी आधी येते, रस्सा मागाल तितका मिळतो आणि लहान मुलासाठी रिकामी वाटी मागितली तर तिचे पैसे कोणी लावत नाही. आयुष्यभर असे जेवलेल्या माणसाला त्या बिलाचा जो संताप आला, तो परतीच्या गाडीतही शमला नव्हता.

त्यामुळे बसण्याआधी उभ्यानेच मेनूकार्ड मागावे आणि त्याचे शेवटचे पान वाचावे. कोपेर्तो कार्डावर छापलेला असला पाहिजे. छापलेला असेल तर तो द्यावाच लागतो. एरवी माणशी दोन-तीन युरो घेतात, त्याबद्दल वाद घालू नये. मांडीवरच्या मुलाचा आकार लावणार का, हे आधीच विचारून घ्यावे. रोम ज्या लात्सिओ प्रांतात आहे, तिथे 2006 च्या कायद्याने कोपेर्तो लावता येत नाही, पण पावाचे पैसे लावतात. पाव नको असेल तर टोपली आल्याआल्याच परत करावी. पाणी विकत घेऊ नये. रोममध्ये रस्त्यांवर पिण्याच्या पाण्याचे सुमारे अडीच हजार नळ आहेत, व्हेनिसच्या चौकांतही आहेत, आणि ते पाणी चांगले आहे. बाटल्या घरून न्याव्यात.

मुलांसाठी ‘पास्ता इन बिआंको’ मागावा. लोणी किंवा तेल लावलेला साधा पास्ता येतो, तो कार्डावर नसला तरी करून देतात, आणि ‘मेद्झा पोर्त्सिओने’ म्हटले की अर्धा वाढतात. बाळाच्या उंच खुर्चीला ‘सेज्जोलोने’ म्हणतात. ती आहे का हे फोनवर विचारल्याशिवाय निघू नये. ऑलिव्ह बियांसकट येतात, ते मुलांच्या हाती देऊ नयेत. द्राक्षेसुद्धा पाच वर्षांखालील मुलांना उभी चिरूनच द्यावीत, हे द्राक्षांच्या गावातल्या आपल्या लोकांना सांगावे लागते, कारण आपल्याकडे घोसच हातात देतात.

शाकाहारी कुटुंबांनी आणखी सावध राहावे. पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या जठरातल्या द्रव्याने विरजतात आणि ते न विचारता पास्त्यावर किसून घालतात. रिसोत्तो, म्हणजे तिथला मऊ भात, बहुधा मांसाच्या पाण्यात शिजवलेला असतो. बोलोन्याच्या परिसरात मिळणाऱ्या पियादिना नावाच्या पोळीच्या कणकेत परंपरेने डुकराची चरबी असते. दिसायला ती आपल्या पोळीसारखी असल्याने मुलांना पटकन दिली जाते, म्हणून हे ठळकपणे लिहिते आहे.

व्हेनिसमध्ये मुलांना घेऊन रेस्टॉरंटमध्ये जेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरून डबा न्यावा. तो सान मार्को चौकात किंवा पुलांच्या पायऱ्यांवर बसून खाऊ नये, त्यासाठी दंड होतो. वापोरेत्तोने सांतेलेनाला जावे; तिथल्या बागेत बाके आहेत, सावली आहे आणि मुलांची खेळणीही आहेत.

डब्यासाठी नाशिकहून थालीपिठाची भाजणी, मेतकूट, नाचणीचे पीठ अवश्य न्यावे. तूप, पेढे, खवा मात्र नेऊ नये, कारण युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. लहान बाळाच्या दूधभुकटीचा न फोडलेला डबा, दोन किलोंपर्यंत, तेवढा चालतो. द्राक्षे आणि कढीपत्ताही सामानात टाकू नयेत. तूप तिथे गेल्यावर लोणी कढवून घरीच करावे. सूनबाईंनी पहिल्याच आठवड्यात केले आणि ते उत्तम झाले.